जुन्या नौकेतील तुटलेले स्क्रू आणि त्यांची भोके

लाकडी नौका पाहणाऱ्याला एकसंध वाटते. प्रत्यक्षात ती अनेक सुट्या फळ्यांची, फासळ्यांची आणि तुळयांची जुळणी असते. ही जुळणी टिकवून धरण्याचे काम खिळे, बोल्ट, रिव्हेट आणि मळसूत्री खिळे, म्हणजेच ज्यांना आपण सर्रास स्क्रू म्हणतो ते, करीत असतात. नौकेचे लाकूड साठ-सत्तर वर्षे उत्तम स्थितीत राहू शकते. परंतु त्या लाकडाला एकत्र बांधणारा धातू पुष्कळदा त्याच्या आधीच जीर्ण होतो. जुनी नौका निकामी झाली असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा अनेक वेळा लाकूड शाबूत असते आणि निकामी झालेले असते ते केवळ त्याचे बंधन. असे बंधन नव्याने कसे बांधावे, तुटलेला स्क्रू लाकडाला इजा न करता कसा काढावा आणि त्याच्या मागे उरलेले भोक पुन्हा भार सहन करण्यास योग्य कसे करावे, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या रायपूरच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. सिहावाच्या डोंगरात उगम पावणारी महानदी आणि तिला मिळणारी शिवनाथ यांनी छत्तीसगडच्या मैदानाला शतकानुशतके जलमार्ग दिला होता. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग या प्रदेशात पोचण्यापूर्वी, नदीला भरपूर पाणी असे त्या महिन्यांत, संबळपूरकडील सपाट तळाच्या होड्या महानदीतून वरच्या भागापर्यंत माल घेऊन येत. पुढे रेल्वे आली आणि मालवाहतूक तिच्याकडे वळली. 1957 मध्ये हिराकूड धरणाचे उद्घाटन झाले, आणि वरच्या व खालच्या नदीमधील सलग जलमार्ग उरला नाही. तरीही होडी नाहीशी झाली नाही. राजिम येथे महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर, शिवरीनारायणला, रायपूर शहराच्या कडेने वाहणाऱ्या खारून नदीच्या महादेव घाटावर ती आजही दिसते. येथील लोक तिला ‘डोंगा’ म्हणतात आणि ती चालविणारा केवट हा या प्रदेशाच्या लोकजीवनातला परिचित माणूस आहे.

एकाच ओंडक्यातून कोरलेल्या डोंग्याला खिळ्यांची गरज फारशी पडत नाही. फळ्यांच्या होडीचे मात्र तसे नाही. तिच्या मूळ बांधणीत लोखंडी खिळे असतात, आणि पुढे केव्हातरी दुरुस्ती करताना बसवलेले स्क्रू त्यांत मिसळतात. कोणी फुटक्या जागी पत्रा ठोकलेला असतो, कोणी बसण्याच्या आडव्या फळ्या स्क्रूने पक्क्या केलेल्या असतात, कोणी यंत्र बसविण्यासाठी मागील बाजूस नवी तुळई जोडलेली असते. पावसाळ्यात नदी दोन्ही तीर भरून वाहू लागली की याच होडीत वीस माणसे उभी राहतात. त्यांच्या वजनाने आणि प्रवाहाच्या रेट्याने प्रत्येक फळी आपल्या फासळीपासून सुटू पाहते. अशा वेळी तिला धरून ठेवणारे स्क्रू आतून तुटलेले असतील, तर बाहेरून दिलेला ताजा रंग कोणाचेही रक्षण करू शकत नाही.

धातू का मरतो?

तुटलेला स्क्रू काढण्यापूर्वी तो का तुटला हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण न शोधता त्याच जागी तसाच दुसरा स्क्रू बसविला, तर काही वर्षांनी तोही तुटेल.

लोखंडाचा शत्रू गंज होय, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु गंजाची एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे लाकडात रुतलेला स्क्रू गंजू लागला, की तो एकीकडे बारीक आणि दुर्बळ होत जातो आणि दुसरीकडे भोवतालच्या लाकडाला आतून रेटू लागतो. शिवाय गंजण्याच्या रासायनिक क्रियेत जे पदार्थ तयार होतात ते लाकडाच्या तंतूंवर परिणाम करतात. भोकाभोवतीचे लाकूड काळे पडते, मऊ होते आणि नखाने उकरता येईल इतके भुसभुशीत बनते. धातू आणि लाकूड असे दोघेही एकमेकांच्या संगतीने बिघडतात.

ही क्रिया कोठे वेगाने होईल हे लाकडावरही अवलंबून असते. ओक, बाभूळ अशा टॅनिनयुक्त लाकडांत ओलावा शिरला की लोखंड लवकर झिजते. सागवानात नैसर्गिक तेलकटपणा असल्यामुळे लोखंड पुष्कळ अधिक काळ टिकते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधण्यात आली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात सोडण्यात आली. ती नौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. 1990 नंतर दहा-बारा वर्षे तिची दुरुस्ती चालली, आणि त्यानंतरही तिचे बरेचसे मूळ सागवान जागच्या जागी राहू शकले. उत्तम लाकूड आणि नेटकी दुरुस्ती यांनी नौकेचे आयुष्य किती वाढू शकते याचे हे उदाहरण होय.

पितळेच्या स्क्रूची गोष्ट निराळी आहे. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. पाण्याशी दीर्घकाळ संबंध आल्यास त्यातील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. वरून पाहिले तर स्क्रूचा आकार पूर्वीसारखाच असतो. केवळ त्याचा पिवळा रंग जाऊन गुलाबी छटा आलेली असते. पेचकस लावून जोर देताच तो बिस्किटासारखा तुटतो. म्हणूनच पाण्याच्या पातळीखाली पितळेचे स्क्रू वापरू नयेत असा नियम आहे. स्टेनलेस पोलादही सर्वस्वी निर्धोक नाही. त्याच्या पृष्ठभागावरील संरक्षक थर टिकण्यासाठी प्राणवायूची आवश्यकता असते. सतत ओल्या राहणाऱ्या लाकडाच्या पोटात प्राणवायू पोचत नाही आणि तेथे ते खड्डे पडून झिजते.

तिसरे कारण म्हणजे दोन भिन्न धातूंची संगत. याचा धडा ब्रिटिश नौदलाला महागात पडला. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून संरक्षण मिळावे म्हणून 1761 मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा जडविण्यात आला. दोन वर्षांनी तपासणी केली तेव्हा पुष्कळ ठिकाणी तांबे उत्तम स्थितीत आढळले, परंतु त्याला लागून असलेले लोखंडी खिळे पार झिजले होते. जेथे पत्रा आणि खिळा यांच्यामध्ये वेष्टनाचा तपकिरी कागद राहून गेला होता, तेथील खिळे मात्र शाबूत होते. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले आणि त्यांना खारे पाणी मिळाले, की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यांपैकी अधिक क्रियाशील धातू झिजत जातो, हे तत्त्व व्होल्टाने 1800 मध्ये आपली विद्युतघटमाला तयार केल्यानंतर हळूहळू उलगडत गेले. नौदलाने मात्र त्या आधीच, 1780 च्या दशकात, लोखंडी बोल्ट सोडून तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट स्वीकारले होते. नदीच्या गोड्या पाण्यात ही क्रिया समुद्राच्या मानाने मंद असते. पण ती थांबत नाही. लोखंडी खिळ्यांच्या ओळीत मधेच एखादा पितळेचा किंवा तांब्याचा स्क्रू बसविणे नदीवरच्या होडीतही चुकीचेच ठरते.

आपल्याकडेही नौकेत लोखंड नसावे असा विचार जुना आहे. राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत असे सांगितले आहे; कारण म्हणून समुद्रातील चुंबकीय खडकांची भीती दिली आहे. हे कारण आज कोणी मानणार नाही. परंतु अरबी समुद्रात नारळाच्या काथ्याने फळ्या शिवून नौका बांधण्याची परंपरा शतकानुशतके चालत आली, ही वस्तुस्थिती आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील नौकेवरून गोव्यात बांधण्यात आलेली आणि 21 मे 2025 रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही नौका याच शिवण पद्धतीची आहे.

रोगाचे निदान

आता दुरुस्तीकडे वळू. आपल्यापुढे एक जुनी होडी आहे असे समजा. तिच्या फळ्या 25 मिलिमीटर जाडीच्या, फासळ्या 50 मिलिमीटर रुंदीच्या आणि स्क्रू 5 मिलिमीटर जाडीचे व 60 मिलिमीटर लांबीचे आहेत. याचा अर्थ स्क्रूचा 25 मिलिमीटर भाग फळीत आणि 35 मिलिमीटर भाग फासळीत आहे.

छत्तीसगडात अशा कामाला योग्य काळ म्हणजे वैशाख-ज्येष्ठ. त्या वेळी नदीचे पाणी उतरलेले असते आणि जूनच्या मध्यास पाऊस सुरू होण्यापूर्वी काम पुरे करता येते. परंतु रायपूरकडच्या उन्हाळ्यात तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर जाते. होडी उघड्या उन्हात ठेवली तर फळ्या आकसतात, त्यांच्यामधील सांधे उघडे पडतात आणि पातळ फळ्यांना तडेही जातात. म्हणून ती झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत, तळाला तीन-चार ठिकाणी सारखा आधार देऊन ठेवावी. ज्या भागाचे काम चालू नाही त्यावर ओले गोणपाट टाकावे. काम चालू असलेला भाग मात्र कोरडा असला पाहिजे.

तपासणीची साधने साधी आहेत: टोकदार सुरी, लहान हातोडी आणि लोहचुंबक. स्क्रूच्या डोक्यावरील लाकडी गुडदी वर उचललेली दिसत असेल, तिच्याभोवती काळा किंवा तांबूस डाग ओघळला असेल, तर आत गंज आहे हे निश्चित. फळीवर हातोडीने हलके ठोके द्यावेत. घट्ट बसलेली फळी भरीव आवाज देते, सुटलेली फळी बद्द वाजते. चुंबक धातूची ओळख पटवतो. तो लोखंडाला चिकटतो, पितळ व ब्राँझ यांना चिकटत नाही. यानंतर नौकेच्या निरनिराळ्या भागांतून, पाण्याखालच्या आणि पाण्यावरच्या, काही स्क्रू नमुन्यादाखल काढून पाहावेत. बहुतेक स्क्रू ज्या ठिकाणी तुटतात ती जागा ठरलेली असते. फळी आणि फासळी यांच्या सांध्यात पाणी साचते. तेथेच स्क्रू सर्वांत अधिक झिजतो. म्हणून डोक्याकडचा भाग हाती येतो आणि टोकाकडचा भाग फासळीत अडकून राहतो.

स्क्रू काढण्याचा क्रम

स्क्रू काढताना सौम्य उपायापासून आरंभ करावा आणि तो निष्फळ ठरल्यावरच कठोर उपायाकडे जावे. घाई केली तर जो स्क्रू सहज निघाला असता तो तुटतो, आणि पाच मिनिटांच्या कामाचे पाच तास होतात.

प्रथम स्क्रूच्या डोक्यावरील गुडदी, रंग, लांबी म्हणजे पुटी, हे सर्व काढून टाकावे. डोक्यातील खाच शेवटच्या कणापर्यंत साफ करावी; हॅकसॉच्या तुटक्या पात्याचा तुकडा यासाठी उत्तम. पेचकसाचे टोक खाचेची पूर्ण लांबी आणि रुंदी व्यापणारे असावे. लहान पेचकस खाचेत फिरतो आणि तिच्या कडा उद्ध्वस्त करतो. टोक गोलसर झाले असेल तर कानशीने सरळ करून घ्यावे. पेचकस खाचेत उभा धरून त्याच्या मुठीवर मोगरीचा एक-दोन वेळा ठोका द्यावा. या धक्क्याने गंजाची पकड ढिली होते. मग अंगाचा भार पेचकसावर टाकून स्क्रू आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि नंतर सोडविण्याच्या दिशेने फिरवावा. तो हलला की थोडा मागे, थोडा पुढे असे करीत बाहेर आणावा. हाताने फिरवायच्या गिरमिटात पेचकसाचे पाते बसविता आले तर जोर अधिक मिळतो आणि तो हळूहळू देता येतो.

एवढ्याने काम झाले नाही तर उष्णतेचा उपयोग करावा. डाख लावण्याची तापलेली कावी किंवा तापवलेली लोखंडी सळई स्क्रूच्या डोक्यावर काही मिनिटे धरावी. धातू प्रसरण पावतो, जुना रंग आणि राळ मऊ होतात. स्क्रू थंड झाल्यावर तो पुन्हा फिरवून पाहावा. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. जुन्या नौकांना पहिला हात पुष्कळदा शेंदराचा दिलेला असे, आणि शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. असा रंग तापवल्याने निघणारी वाफ आणि तो घासल्याने उडणारी धूळ विषारी असते. काम मोकळ्या हवेत, नाकातोंडावर योग्य आच्छादन घेऊन करावे. मुलांना जवळ येऊ देऊ नये. गंज सैल करणारे तेल वापरावयाचे झाल्यास थेंबाने वापरावे, कारण तेल प्यालेल्या लाकडाला पुढे चिकटद्रव्य धरत नाही.

स्क्रूचे डोके तुटले आणि दांडा थोडा वर राहिला असेल, तर त्याच्या दोन बाजू कानशीने सपाट करून तो कुलुपी पकडीत धरावा आणि फिरवावा. दांडा पुरेसा जाड असेल तर त्यावर हॅकसॉने नवी खाच पाडता येते.

दांडा लाकडाच्या आतच तुटला असेल तेव्हा खरी परीक्षा होते. उलट आट्यांचा काढणीस्क्रू बाजारात मिळतो. तुटक्या स्क्रूच्या बरोबर मध्यावर भोक पाडून तो त्यात उलटा फिरवीत बसवावयाचा असतो. मोठ्या बोल्टसाठी हे साधन चांगले आहे. पण पाच मिलिमीटरच्या स्क्रूमध्ये मध्य साधणे अवघड असते, आणि हा काढणीस्क्रू आत तुटला तर त्याचे कठीण पोलाद कोणत्याही सामान्य ड्रिलला दाद देत नाही. एका अडचणीच्या जागी दोन होतात.

यापेक्षा जुन्या सुतारांची नळीची युक्ती भरवशाची आहे. स्क्रूच्या दांड्यावरून जेमतेम सरकेल अशी पोलादी नळी घ्यावी. आपल्या उदाहरणात आतून 6 आणि बाहेरून 8 मिलिमीटर. तिच्या एका टोकाला त्रिकोणी कानशीने पाच-सहा दाते पाडावेत, आणि ते नळी उलट दिशेने फिरत असताना कापतील असे ठेवावेत. नळी ड्रिलमध्ये बसवून उलटी फिरविली की ती स्क्रूभोवतीचे लाकूड गोलाकार कापत खाली जाते, आणि तिच्या घर्षणाने स्क्रूही सुटण्याच्याच दिशेने फिरतो. पुष्कळदा तो मध्येच मोकळा होऊन नळीबरोबर बाहेर येतो. आरंभी नळी घसरू नये म्हणून जाड फळीच्या तुकड्यात तिच्या मापाचे भोक पाडून तो तुकडा मार्गदर्शक म्हणून नौकेवर घट्ट धरावा. नळी थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढून भुसा साफ करावा. नाहीतर ती तापते आणि लाकूड जळते.

काही वेळा तुटका स्क्रू आहे तेथेच ठेवणे हाच शहाणपणा असतो. फासळी अरुंद असेल, स्क्रू पितळेचा किंवा ब्राँझचा असेल आणि भोवतीचे लाकूड निरोगी असेल, तर त्याचे भोक बंद करून 20 ते 25 मिलिमीटर अंतरावर नवा स्क्रू घालावा. नवे भोक जुन्या भोकाच्या तंतुरेषेवर येऊ देऊ नये. थोडे तिरके घ्यावे, म्हणजे लाकूड चिरत नाही. लोखंडाचा तुकडा मात्र शक्यतो आत ठेवू नये, कारण तो गंजतच राहतो.

आणखी एक पथ्य पाळावे. एका फळीचे सर्व स्क्रू एकाच वेळी काढू नयेत. वाकवून बसविलेली फळी सुटली तर सरळ होऊ पाहते आणि नौकेचा आकार बिघडतो. एक सोडून एक स्क्रू काढावा, त्याची जागा दुरुस्त करावी, नवा स्क्रू बसवावा आणि मगच उरलेल्यांना हात लावावा.

भोकाची दुरुस्ती

स्क्रू बाहेर आला म्हणजे काम संपले असे अनेकांना वाटते. वस्तुतः महत्त्वाचे काम येथून सुरू होते. स्क्रू बाजारात मिळतो. फासळी मिळत नाही. म्हणून भोकाची दुरुस्ती ही सगळ्या कामाचा गाभा होय.

प्रथम भोकातील काळे, मऊ लाकूड स्वच्छ रंगाचे आणि टणक लाकूड लागेपर्यंत काढावे. यानंतर भोक किती मोठे झाले त्यावरून उपाय ठरतो. भोक किंचित सैल झाले असून लाकूड निरोगी असेल, तर एक माप जाड किंवा थोडा लांब स्क्रू पुरतो. मात्र हा उपाय एकदाच करता येतो. प्रत्येक दुरुस्तीत स्क्रू जाड करीत गेले, तर एक दिवस फासळीत लाकडापेक्षा भोकेच अधिक होतात.

घरातल्या दाराची बिजागरी सैल झाली की आपण भोकात आगपेटीच्या काड्या आणि सुतारकामाचा पांढरा डिंक भरतो. दारासाठी ते ठीक आहे. नौकेच्या तळासाठी नाही, कारण तो डिंक सततच्या पाण्यात टिकत नाही आणि काड्यांना भार सोसत नाही.

नौकेसाठी भोक गिरमिटाने नेमके गोल करून, आपल्या उदाहरणात 10 मिलिमीटरचे, त्यात त्याच जातीच्या सुक्या लाकडाची गुडदी बसवावी. येथे एक चूक फार सर्रास होते. बाजारात मिळणाऱ्या गोल लाकडी खुंटीचे तंतू तिच्या लांबीच्या दिशेने असतात. ती भोकात बसविली की नवा स्क्रू तंतूंना समांतर शिरतो आणि त्याची पकड दुर्बळ राहते. मूळ स्क्रू फासळीच्या तंतूंना आडवा होता. नव्या स्क्रूलाही तसेच लाकूड मिळाले पाहिजे. म्हणून गुडदी लाकडाच्या आडव्या दिशेने कापून घ्यावी आणि बसविताना तिचे तंतू फासळीच्या तंतूंच्या दिशेत ठेवावेत. अशी गुडदी ठोकून बसवू नये, ती मोडते. ती हलक्या हाताने दाबली असता जाईल इतकीच घट्ट असावी.

चिकटविण्यासाठी दोन घटकांचे इपॉक्सी आज सर्वत्र वापरले जाते. लाकूड कोरडे असेल तरच ते धरते. नदीतून काढलेली होडी सुकण्यास काही आठवडे द्यावेत. आधी पातळ इपॉक्सीचा हात भोकाच्या भिंतींना द्यावा, ते लाकडात मुरू द्यावे. मग बारीक लाकडी भुकटी मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीत गुडदी बसवावी. उन्हाळ्याच्या दिवसांत हे मिश्रण लवकर घट्ट होते आणि भांड्यातच तापते. म्हणून ते थोडे थोडे, सकाळच्या वेळी तयार करावे.

लाकूड खरोखर कुजले असेल तर गुडदीचा उपयोग नाही. कुजक्या लाकडात बसविलेली गुडदी स्क्रूसह बाहेर येते. अशा वेळी निरोगी लाकूड लागेपर्यंत तो भाग कापून काढावा आणि त्या जागी नवा तुकडा जोडावा. जोड तिरका असावा; फळीच्या जाडीच्या निदान आठपट लांबीचा उतार घेतला, म्हणजे 25 मिलिमीटरच्या फळीसाठी 200 मिलिमीटर, तर चिकटण्यास पुरेसे क्षेत्रफळ मिळते. ही दुरुस्ती अनुभवी सुताराकडूनच करून घ्यावी.

नवा स्क्रू बसविताना

नवा स्क्रू बाकीच्यांच्याच धातूचा असावा. जेथे लोखंड आहे तेथे जस्ताचा जाड मुलामा दिलेले लोखंड, जेथे तांबे आहे तेथे तांबे किंवा ब्राँझ. साल, बाभूळ यांसारख्या कठीण लाकडात आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालणे म्हणजे तो मुद्दाम तोडणे होय. फळीतील भोक स्क्रूच्या साध्या दांड्याइतके आणि फासळीतील भोक आट्यांच्या मुळातील जाडीइतके असावे. फळीत स्क्रू मोकळा फिरला तरच तो तिला फासळीकडे ओढून घेतो. ब्राँझचा मऊ स्क्रू बसविण्यापूर्वी त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा आत घालून काढावा. तो लाकडात आटे पाडून देतो. स्क्रूला मधमाशीचे मेण चोळावे. साबण चोळण्याची पद्धत आहे, पण साबण ओलावा धरून ठेवतो. शेवटचा पीळ नेहमी हाताने द्यावा. फळी फासळीला भिडली की थांबावे. त्यापुढचा प्रत्येक पीळ लाकडातील आटे कापतो.

स्क्रूच्या डोक्यावर बसवावयाच्या गुडदीचे तंतू फळीच्या तंतूंच्या दिशेत ठेवावेत, म्हणजे दोघे सारखेच फुगतात आणि आकसतात. ही वरची गुडदी मात्र इपॉक्सीने चिकटवू नये. ती रोगणात किंवा रंगात बुडवून बसवावी. कारण हा स्क्रूही कधी तरी जीर्ण होणार आहे आणि त्या वेळी कोणाला तरी तो काढावा लागेल. रोगणात बसविलेली गुडदी पटाशीच्या टोकाने निघते. इपॉक्सीत बसविलेली काढताना फळी फुटते. चांगली दुरुस्ती तीच, जी पुढच्या दुरुस्तीचा मार्ग बंद करीत नाही.

फळ्यांमधील सांधे शेवटी भरावेत. छत्तीसगडच्या अरण्यात विपुल असलेल्या साल वृक्षाची, ज्याला येथे ‘सरई’ म्हणतात, राळ तेलात कढवून सांधे भरण्यासाठी वापरण्याची पद्धत जुनी आहे. सुकलेल्या फळ्यांमधील सांधे ठासून भरू नयेत. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात, आणि जागा उरली नसेल तर त्या एकमेकींना रेटून नुकतेच बसविलेले स्क्रू उपटून काढतात.

दुरुस्त होडी पाण्यात सोडल्यावर पहिले एक-दोन दिवस ती थोडे पाणी घेईल. फळ्या फुगून सांधे मिटले की ते कमी होते. कमी न झाल्यास ती पुन्हा वर काढून तपासावी. तोपर्यंत तिच्यात प्रवासी घेऊ नयेत. कोणत्या फासळीवर कोणत्या धातूचा स्क्रू, कोणत्या वर्षी बसविला, याची नोंद एका वहीत ठेवावी. घाटावरच्या पुष्कळ होड्या बापाकडून मुलाकडे येतात. त्या वहीचा पहिला उपयोग बहुधा त्या मुलालाच होईल.